मूल प्रतिपालक कुटुंबात सोपवताना: नव्या समाज कार्यकर्त्यासाठी पहिल्या फाइलपासून शेवटच्या भेटीपर्यंत

जिल्हा बाल संरक्षण कक्षात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टेबलावर एक फाइल येते. आत पासपोर्ट आकाराचा फोटो, पोलिसांचं पत्र, बाल कल्याण समितीचा (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीचा) आदेश आणि बालगृहाच्या अधीक्षकांची दोन ओळींची नोंद. ‘मूल शांत आहे. जेवण व्यवस्थित घेते.’ एवढ्यावरून त्या मुलासाठी घर शोधायचं असतं.

मी या कामात बरीच वर्षं काढली आहेत. कायदा, नियम, नमुने हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मुलाच्या बाबतीत जे काही ठरतं, ते फाइलमध्ये जाण्याआधी मुलाच्या कानावर गेलेलं असलं पाहिजे, आणि ते त्याला समजेल अशा भाषेत. खालची प्रत्येक पायरी मी त्याच हिशेबाने सांगणार आहे.

आधी शब्द आणि कायदा

फोस्टर केअरला आपल्याकडे कार्यालयीन शब्द आहे प्रतिपालकत्व. हे दत्तक नाही. मुलाचं नाव, आडनाव, वारसा यातलं काही बदलत नाही. स्वतःच्या घरी राहता न येणारं मूल समितीच्या आदेशाने दुसऱ्या, नात्यात नसलेल्या कुटुंबात ठराविक काळ राहतं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधलं कलम ४४ आणि २०१६च्या आदर्श नियमांतला नियम २३ हे दोन्ही छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. पहिलं वर्षभर रोज लागतील.

२०२४मध्ये केंद्राच्या आदर्श मार्गदर्शक सूचना सुधारल्या. आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा कायदेशीर विभक्त अशी एकटी व्यक्तीही ३५ ते ६० या वयात प्रतिपालक होऊ शकते. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे मात्र मुलगाच देता येतो. जोडप्याचं किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य हवं. मूल सहा वर्षांवरचं असावं. आणि दोन वर्षं प्रतिपालन झाल्यावर, मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं (म्हणजे दत्तक देता येईल असं समितीने जाहीर केलेलं) असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तकाचा मार्ग खुला होतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षं होती.

इथे एक गफलत नेहमी होते. दोन वर्षांनंतरचा हा मार्ग खुला असला, तरी दत्तक जाऊ शकणारं मूल दीर्घकालीन प्रतिपालनात ठेवायला कलम ४४ मनाई करतं. म्हणून मुलाची कायदेशीर स्थिती काय, हे समितीच्या आदेशातून पहिल्याच दिवशी शोधा. बालगृहात तोंडी सांगितलं जातं त्यावर विसंबू नका.

मूल आपल्याच माणसांत राहू शकतं का?

कुटुंब शोधायला निघण्याआधी हा प्रश्न सोडवायचा. आजी, मामा, आत्या, मोठी बहीण यांपैकी कोणी तयार असेल आणि फक्त पैशांमुळे अडत असेल, तर उत्तर प्रतिपालकत्व नसतं. महाराष्ट्रात त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मिळणारी आर्थिक मदत, हा दुसरा मार्ग. त्यात ४,००० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं.

बीडकडची एक फाइल आठवते. आईवडील ऊसतोडीला गेलेले, दोन मुलं म्हाताऱ्या आजीकडे, शाळेत गैरहजेरी. वरून शेरा होता: ‘पालकांकडून दुर्लक्ष’. कोयता घेऊन दिवाळीनंतर गाव सोडावं लागणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्या घरात आजीला आधार, मुलांच्या जेवणाची सोय आणि शाळेशी बोलणं एवढ्याने काम झालं असतं. गरिबी आणि हयगय यांतला फरक ओळखता आला नाही, तर आपल्या हातून मुलं उगाच घरापासून तुटतात. सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत पूर्ण करायची असते. त्यातले पहिले चार दिवस तरी नातेवाइकांचा माग काढण्यात घालवा. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशाताई यांना विचारा. रेशन दुकानदाराला तर सगळ्यांच्या नात्यांची खडानखडा माहिती असते.

मुलाला ओळखणं

नियमांना जोडलेल्या नमुन्यांपैकी नमुना ३१ म्हणजे बाल अध्ययन अहवाल आणि नमुना ७ म्हणजे वैयक्तिक काळजी आराखडा. दोन्ही भरायचेच. पण एका बैठकीत भरायचे नाहीत. माझा रिवाज असा आहे की पहिल्या भेटीत कागद पिशवीतून काढायचाच नाही. मूल जे करत असेल त्यात बसायचं. कॅरम, चित्रं, कपडे वाळत घालणं, काहीही. दुसऱ्या भेटीला मी कोण आणि का येते हे सरळ सांगायचं: ‘मी कार्यालयातली ताई. तुला राहायला एखादं घर मिळू शकतं का ते बघणं माझं काम आहे. तुला नको असेल तर तेही मला सांगायचं.’

विचारायच्या गोष्टी साध्या ठेवा. रात्री दिवा लागतो का? कुत्र्याची भीती वाटते का? वास आला तरी पोटात ढवळतं असं काही खाणं आहे का? कुणाची आठवण येते? कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते? पाठीवर भाऊबहीण आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण भावंडांना शक्य तितकं एकत्र ठेवा असं कायदाच सांगतो. एका बहिणीने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं की तिचा धाकटा भाऊ शहरातल्या मुलांच्या बालगृहात आहे. दोन्ही फाइलींमध्ये आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलं होतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

कुटुंब शोधणं आणि गृहभेट

जाहिरात दिली की फोन येतात. त्यातले निम्मे दत्तकाची रांग चुकवायला येतात. त्यांना दत्तकाची रीतसर प्रक्रिया समजावून सांगा आणि तिकडे पाठवा. काही जण ‘घरात मदतीला एखादी मुलगी’ शोधत असतात. ते स्पष्ट बोलत नाहीत, पण ‘मोठी असेल तर बरं, दहा-बारा वर्षांची, कामाची सवय असलेली’ असं ऐकू आलं की तिथेच थांबा.

पात्रता तपासणं सोपं आहे: भारतीय नागरिकत्व, वय, उत्पन्न, घरातल्या सगळ्यांचे वैद्यकीय अहवाल, पोलीस पडताळणी, ओळखणाऱ्या लोकांची मतं. कस लागतो तो गृहभेटीत. निदान तीन भेटी करा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर, सगळे घरात असताना. प्रतिपालक आई-बाबांशी एकत्र बोला, मग वेगवेगळं बोला. त्यांची स्वतःची मुलं असतील तर त्यांच्याशी अंगणात, ओट्यावर बोला. मी एका आठवीतल्या मुलाला विचारलं, ‘तुझ्या खोलीत अजून एक जण आला तर?’ तो म्हणाला, ‘आई म्हणते चालेल.’ मी म्हटलं, ‘तुला?’ तो गप्प झाला. त्या घराला आम्ही सहा महिने थांबवलं, आणि तो मुलगा स्वतः तयार झाल्यावर पुढे गेलो.

सासू-सासरे एकत्र राहत असतील तर त्यांची संमती गृहीत धरू नका. दिवसभर मूल त्यांच्यासमोरच असणार आहे. आजीबाईंना सरळ विचारा, ‘मुलाने न विचारता डब्यातलं खाल्लं तर तुम्ही काय कराल?’ या एका प्रश्नाला मिळणारं उत्तर दहा पानी अहवालापेक्षा जास्त सांगून जातं.

‘जात कोणती?’ हा प्रश्न येतो. तो टाळू नका. मुलाची भाषा, खाणं, सणवार, श्रद्धा यांचा विचार जुळवणीत करावाच लागतो आणि तसं कुटुंबाला सांगावं. पण जात कळल्यावर ज्यांचा आवाज बदलतो त्या घरी मी मूल पाठवत नाही. त्या घराच्या स्वयंपाकघरात मुलाचं ताट वेगळं राहील.

पैशांचं पहिल्याच भेटीत बोला. मिशन वात्सल्यखाली दरमहा ४,००० रुपये मिळतात. ते मुलाच्या जेवणाखाण्याचे, शाळेचे, औषधाचे आहेत, सांभाळण्याचा पगार नाही. आणि ते वेळेवर येतीलच असं नाही. अनुदान रखडल्यामुळे चार-चार महिने पदरमोड करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून बसलेही आहे. आधी सांगितलेलं असलं की निदान विश्वास तुटत नाही.

अहवाल कसा लिहायचा

नमुना ३० हा गृह अध्ययन अहवाल. तो समितीसमोर वाचला जातो आणि त्यावर एका मुलाचं भवितव्य ठरतं. म्हणून पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहा. ‘घर अस्वच्छ आहे’ असं लिहू नका. ‘ओट्यावर रात्रीची भांडी होती. नळाला पाणी दिवसाआड येतं, आज पाण्याचा दिवस नव्हता,’ असं लिहा. ‘कुटुंब प्रेमळ आहे’ यालाही काही अर्थ नाही. ‘बोलणं चालू असताना धाकटी मुलगी वडिलांच्या मांडीवर येऊन बसली, त्यांनी बोलणं न थांबवता तिच्या केसांतली क्लिप सोडवली,’ हे लिहा. समितीचे अध्यक्ष आणि चार सदस्य त्या घरात गेलेले नसतात, ते तुमच्या डोळ्यांनी पाहतात.

त्याच दिवशी लिहा. एसटीत, स्टँडवर, जमेल तिथे. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीत आपली समजूत मिसळते.

ओळख करून देणं आणि सोपवणं

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. सुरुवातीचं वर्ष होतं. दहा वर्षांचा मुलगा, कुटुंब चांगलं, आदेश झालेला. त्याला एकदम धक्का बसू नये असं वाटलं, म्हणून म्हटलं, ‘चल, एका काकांकडे जाऊन येऊ.’ कपडे आधीच पिशवीत भरून गाडीत ठेवले होते. घरी पोचलो, चहा झाला, कागदांवर सह्या झाल्या, मी निघाले. रात्री दहाला त्या काकूंचा फोन आला. ‘ताई, तो चप्पल काढत नाहीये. उंबऱ्यावर बसलाय.’ काका रात्रभर त्याच्या शेजारी पोतं अंथरून बसून राहिले. सकाळच्या पहिल्या गाडीने मी गेले. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, ‘जाऊन झालं ना? आता चला.’

तो त्या घरात राहिला, रुळला. पण तीन रात्री त्याने पायातल्या चपला काढल्या नाहीत. त्याला फसवलं होतं मी, त्या घराने नव्हे. तेव्हापासून मी ही पायरी अशी करते.

आधी कुटुंबाकडून एक साधी वही करून घ्यायची. त्यात घराचा दरवाजा, झोपायची जागा, संडास-न्हाणीघर, घरातली माणसं, गुरं-कुत्री, शाळेचा रस्ता यांचे फोटो, आणि खाली प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहायची. संडासचा फोटो हवाच. अनोळखी घरात रात्री कुठे जायचं हे माहीत नसल्यामुळे मुलं अंथरुणात करतात आणि पहिल्याच सकाळी शरमेने गाडली जातात.

मग पहिली भेट बालगृहातच, तासाभराची. दुसरी बाहेर, बागेत किंवा देवळाच्या आवारात. तिसऱ्यांदा मूल त्या घरी जेवायला जातं आणि परत येतं. परत येणं महत्त्वाचं आहे, कारण त्याला दिसतं की आपण सांगितलं तसंच घडलं. चौथ्या भेटीत, समितीची परवानगी घेऊन, एक मुक्काम. प्रत्येक भेटीनंतर मुलाशी एकट्याने बोलायचं. नको म्हटलं तर कारण ऐकायचं. कारण कधी मोठं असतं आणि कधी पंखा आवाज करतो एवढंच असतं. पंखा दुरुस्त करता येतो.

सगळं जमलं की समिती नमुना ३२ मध्ये आदेश देते आणि कुटुंब नमुना ३३ मध्ये हमीपत्र देतं. समितीपुढे काय होणार, कोण बसलेलं असेल, त्यांनी विचारलं तर खरं बोलायचं, गप्प राहिलं तरी चालतं, हे मुलाला आदल्या दिवशी सांगा.

निघताना सामान प्लास्टिकच्या पिशवीत नको. सॅक विकत घ्या, सरकारी खर्चात बसत नसेल तर वर्गणी काढा. जुनी उशी, फाटकी बाहुली, काडेपेटीत ठेवलेल्या गोट्या, जे असेल ते बरोबर जाऊ द्या. ‘आता नवीन मिळेल, ते टाकून दे’ असं कुणालाही म्हणू देऊ नका.

शाळेचं आधीच पाहून ठेवा. सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश शाळा सोडल्याचा दाखला आला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याची कलमं ५ आणि १४ मुख्याध्यापकांना दाखवा, आवाज न चढवता. वर्गात मुलाची ओळख ‘बालगृहातून आलेला’ अशी करून द्यायची नाही, हेही तिथेच ठरवून घ्या. आधार, बँक खातं, लसीकरणाचे कागद या गोष्टी पहिल्या महिन्यात उरकतात.

पहिले तीन महिने

पहिले दोन-तीन आठवडे पाहुणपणाचे असतात. मूल सगळं ऐकतं, ताट स्वतः धुतं, कुटुंब खूश असतं. मग एक दिवस ते बंद होतं आणि काकूंचा फोन येतो: ‘ताई, हा खोटं बोलायला लागलाय.’ हे बिघडणं नाही. आता त्याला इथे राहायचंय, म्हणून तो बघतोय की वाईट वागलं तर हे हाकलतात का.

कुटुंबाला याची कल्पना आधीच देऊन ठेवा. उशीखाली भाकरी, दप्तरात चपात्या, साखरेच्या डब्यात हात, हे भुकेच्या आठवणीतून होतं. एका घरातल्या काकूंनी यावर केलेली युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. त्यांनी एक स्टीलचा डबा त्या मुलीच्या नावाचा केला, त्यावर खिळ्याने तिचं नाव कोरून घेतलं, आणि रोज संध्याकाळी त्यात चिवडा नाहीतर लाडू भरून तिच्या हाताशी येईल अशा फळीवर ठेवला. कधीही उघड, विचारायचं नाही. महिनाभर डबा रात्रीतून रिकामा व्हायचा. मग अर्धा उरायला लागला. दिवाळीपर्यंत त्यातला चिवडा मऊ पडायला लागला, आणि काकूंनी मला तो मुद्दाम उघडून दाखवला.

‘आई म्हण’ हा आग्रह कुणीही धरू नये. काकू, मावशी, मामी, मुलाला जे सुचेल ते. त्याची आई कुठेतरी आहे, निदान त्याच्या मनात तरी आहे.

दर महिन्याची भेट

कायद्यानुसार मासिक तपासणी समितीने करायची आहे, नोंद नमुना ३५ मध्ये. प्रत्यक्षात घरात पाय ठेवणारे बहुतेक वेळा तुम्हीच असता. एक महिना कळवून जा, एक महिना न कळवता. प्रत्येक वेळी मुलाला एकट्याने भेटा. विहिरीपर्यंत चालत जा, दुकानातून काहीतरी आणायला बरोबर न्या.

‘बरं आहे ना?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच मिळतं. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस?’ विचारा. कोण किती वाजता उठलं, पाणी कुणी भरलं, अभ्यासाला केव्हा बसला, रात्री कोणाजवळ झोपला, सगळं ओघात येतं. मुलीचे हात बघा. भांड्यांच्या राखेने किंवा साबणाने फुटलेले आहेत का? वह्या बघा, तारखा सलग आहेत का? बाह्या उन्हाळ्यातही लांब आहेत का?

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. वरिष्ठांना विचारून, बैठकीची वाट पाहून नव्हे. त्याच दिवशी. आणि मूल त्या रात्री त्या घरात राहणार नाही हे समितीकडून पक्कं करून घ्या.

फोटो काढायचा असेल तर फक्त फाइलपुरता. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुटुंबाने कौतुकाने व्हॉट्सॅपवर ‘आमच्याकडे आलेलं बाळ’ म्हणून टाकलेला फोटोही त्यात येतो. हे त्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं.

जन्मदात्यांची भेट

आईवडील असमर्थ ठरल्यामुळे मूल प्रतिपालनात असेल, तर समितीने मनाई केली नसल्यास ते मुलाला भेटू शकतात. वेळ, जागा, कोण हजर असेल हे ठरलेलं हवं. आईला आधी एकटीला भेटून विनवून सांगा, की ‘पुढच्या महिन्यात नेते’ असं म्हणू नका. ती प्रेमानेच म्हणते, पण मूल त्यानंतर रोज कॅलेंडर बघत बसतं. ती आलीच नाही तर मुलाला खोटी कारणं देऊ नका. ‘आज आई आली नाही. का ते मला माहीत नाही. मी विचारून तुला सांगेन.’ आणि मग खरंच विचारून सांगा. भेटीनंतर दोन दिवस मूल चिडचिड करतं, जेवत नाही. म्हणून भेटी बंद करा अशी मागणी कुटुंबाकडून येते. आधी दोन दिवस थांबून बघायला सांगा.

जमलं नाही तर

काही वेळा जमत नाही. आजारपण येतं, कुटुंबाची ताकद संपते, कधी आपलीच जुळवणी चुकते. मुलाला हलवायची वेळ आली तर, जिवाला धोका नसेल तेव्हा, रात्री नाही, शाळेतून परस्पर उचलून नाही. दिवसा, सांगून, सगळं सामान घेऊन, निरोप घेऊन. ‘तुझ्या वागण्यामुळे’ हे शब्द कुणाच्याही तोंडून निघू नयेत. आणि ती फोटोंची वही मुलाकडेच राहू द्या, तिथे राहिलेले दिवस त्याचे आहेत.

अठरा वर्षं पूर्ण होतात तेव्हा पश्चात काळजीची, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतच्या आधाराची, तरतूद २१ वर्षांपर्यंत असते. त्याची तयारी सोळाव्या वर्षी सुरू करा: कागदपत्रं, खातं, शिकण्याची दिशा, राहायची जागा.

आणि तुमची बदली झाली, कंत्राट संपलं, नोकरी सोडली, तर. आपल्या क्षेत्रात माणसं सारखी बदलतात आणि मुलं ती मोजतात. जायच्या आधी महिनाभर मुलाला सांगा. शेवटच्या भेटीला नव्या कार्यकर्तीला घेऊन जा, तिघं मिळून चहा घ्या. तिचा नंबर मुलाला स्वतःच्या अक्षरात वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊ द्या, आणि तिथेच, तुमच्यासमोर, त्याला एकदा तो लावून बघू द्या.